दारामागची कोरफड

माझ्या हाताला गुण आहे असं बानी गावातल्या बायका म्हणतात, आणि मी वरवर कितीही नको नको केलं तरी मनातून ते मला पटतं. खरं तर गुण हाताचा कमी आणि स्वयंपाकघराचा जास्त, पण हे मी कुणाला कशाला सांगू? ओट जाडसर दळून दुधात भिजवायचे. पिकून काळवंडलेला अ‍ॅव्होकाडो, जो ताटात कुणी घेणार नाही, तो केसांना चोपडायचा. अंड्याचा पिवळा बलक केसांना, पांढरा चेहऱ्याला. मध सगळ्यांना चालतो, लिंबू मात्र ऊन उतरेपर्यंत माझ्याकडे बसून राहायची तयारी असेल तिलाच, कारण लिंबू लावून उन्हात गेलं की काळे चट्टे उठतात आणि शिव्या मला बसतात. जे पोटात घालायला भीती वाटत नाही तेच तोंडाला लावावं, एवढंच शास्त्र मला ठाऊक आहे आणि तेवढ्या शास्त्रावर गेली तीस वर्षं दर शनिवारी माझं स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं असतं.

कोरफडीचं तेवढं निराळं. तिचं पान आदल्या दिवशी कापून उभं करून ठेवावं लागतं, आतलं पिवळं कडू पाणी निथळून जाऊ द्यावं लागतं आणि मगच गर काढावा लागतो. ही झाली अंगणातली कोरफड. दारामागच्या कोरफडीला कुणी हात लावत नाही. आमच्या गल्लीत घरटी एक तरी असते, मुळं वर आणि पानं खाली करून लाल फितीनं दाराच्या मागे टांगलेली. तिला ना माती ना पाणी. दारातून जे आत येतं, लोकांची नजर, हेवा, वाईट शब्द, त्यावर ती जगते आणि पोट भरलं की वाळून जाते. मग तिला नदीत सोडायची, मागे वळून न बघता घरी यायचं आणि नवी टांगायची. तिचं पान तोंडाला लावणं म्हणजे केरसुणीनं भात वाढण्यासारखं आहे, आणि हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

माझी कोरफड मी अनिबाल बोस्टनला गेला त्या दिवशी टांगली, त्याला अकरा वर्षं झाली. इतरांच्या दोन-तीन वर्षांत वाळतात. माझी वाळली नाही, उलट वर्षागणिक तिची पानं जाड होत गेली.

"दिग्ना, ही जेवते तरी काय गं?" शेजारची झुनिल्दा विचारायची. "तुझ्या घरात हेवा करण्यासारखं आहे काय?"

"माझी बडबड खाते," मी म्हणायची. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण येसेनिया शाळेत गेली की घरात ऐकायला दुसरं होतं कोण?

येसेनिया माझी मुलगी. एकोणीस वर्षांची, एकुलती एक. अनिबालचं आणि माझं लग्न ना पाद्र्यासमोर झालं ना कचेरीत. आम्ही एका छपराखाली राहायला लागलो, तेच लग्न. बानीत त्यानं कुणाचं काही अडत नाही, बोस्टनच्या कागदांवर मात्र अडतं. बापाच्या नावावर मुलगी जाऊ शकते, मी जाऊ शकत नाही. जानेवारीत तिच्या पासपोर्टावर शिक्का बसला आणि फेब्रुवारीच्या चौथ्या मंगळवारचं विमान ठरलं, तेव्हा मी गल्लीभर गोड भाताच्या वाट्या वाटल्या आणि सगळ्यांना सांगितलं की माझ्या पोरीचं सोनं झालं. घरी येऊन रिकामं पातेलं मात्र मी तीन-तीनदा घासलं.

अकरा वर्षांत बापानं तिला पाहिलं नव्हतं. विमानतळावर ओळखाल का, असं तिनं फोनवर विचारलं तेव्हा अनिबाल हसला. "तोंड नाही ओळखलं तर हनुवटी ओळखेन. तो व्रण माझ्या हातचा आहे." तसा तो होताच. चार वर्षांची असताना आंबे तोडायला त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि ती दगडी पायरीवर पडली. त्याशिवाय उजव्या गालावर तीळ आणि कपाळावर कांजिण्यांचा एक खड्डा. पोरीचा चेहरा मला वहिवाटेच्या रस्त्यासारखा पाठ होता. जायच्या धास्तीनं तिच्या गालांवर पुटकुळ्या उठल्या तेव्हा तीच म्हणाली, "आई, बापासमोर अशी जाऊ का? काहीतरी लाव ना."

ते दिवस कार्निव्हलचे. दर रविवारी मिरवणूक, त्यामुळे शनिवारी बायकांची झुंबड, आणि अंगणातली कोरफड पार बुडख्यापर्यंत कापली गेली होती. त्या शनिवारी दुपारी शेवटची बाई गेल्यावर मी येसेनियाला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं, मान मागे टेकवली, केस फडक्यात बांधले. वीज गेलेली होती आणि धूळ नको म्हणून खिडकीच्या पट्ट्या मिटलेल्या होत्या. त्या अंधारात ओट्यावरचं एक पान मी उचललं, चिरलं, गर ओट आणि मधात कालवला आणि तिच्या तोंडाला लावला. लावता लावता तिला झोप लागली. मी समोर बसून राहिले, आणि आता असे फक्त तीन शनिवार उरलेत हा हिशोब डोक्यातून जाईना.

तोंड धुतल्यावर मी दोन पावलं मागे सरले. उकडलेलं अंडं सोलावं तसा चेहरा निघाला होता. पुटकुळ्या गेल्या, त्यांचे डाग गेले आणि कपाळावरचा खड्डासुद्धा भरून आला. तीस वर्षांत माझ्या हातून असं काम झालं नव्हतं. मी देवाचे आभार मानले, झुनिल्दाला कधी दाखवते असं झालं. संध्याकाळी घर झाडताना दारामागे जमिनीवर पिवळा थेंब दिसला. वर पाहिलं तर टांगलेल्या कोरफडीचं एक पान मुळाशी कापलेलं होतं आणि जखम अजून ओली होती. चुकून झालं, मी स्वतःशी म्हणाले. अंधार होता, चुकून झालं.

आमच्यात मूल घरात आलं, घराबाहेर पडलं, निजायला निघालं की आधी 'आशीर्वाद, आई' म्हणतं, आणि आई 'देव तुझं भलं करो' म्हणते. दिवसातून वीस वेळा उंबरा ओलांडला तर वीस वेळा. घरातून भांडून गेलेला मुलगासुद्धा परत आला की आधी आशीर्वाद मागतो आणि मग भांडण पुढे सुरू करतो. सोमवारी मी बाजारातून आले तर येसेनिया त्याच खुर्चीत बसलेली होती. माझ्याकडे बघून ती गोड हसली आणि म्हणाली, "आलीस?" माझ्या ओठांवर 'देव तुझं भलं करो' येऊन थांबलं होतं. मी पिशवी रिकामी करेपर्यंत वाट पाहिली, मग दूध तापवेपर्यंत पाहिली. तिनं आशीर्वाद मागितलाच नाही.

विसरली असेल, मी म्हटलं. मन बोस्टनला गेलंय. थोड्या वेळानं मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते तेव्हा पुढच्या दारातून खणखणीत आवाज आला, "आशीर्वाद, आई! पाव आणलाय गं!" मी तिथूनच ओरडून आशीर्वाद दिला आणि जिवात जीव आला. आत आले तर ती खुर्चीतच होती, हात मांडीवर ठेवून, मगाशी बसली होती तशी. टेबलावर पावाची पुडी होती. मी ती उचलून पाहिली तर पाव अजून गरम होता.

"कधी उठलीस तू?" मी विचारलं.

"मी कशाला उठू?" ती म्हणाली.

त्या दिवशी मी तिच्याजवळ बसून तिचा चेहरा नीट पाहिला. गालावरचा तीळ नव्हता. मी तिची हनुवटी धरली आणि अंगठा फिरवला. माझ्या अंगठ्याला तो व्रण डोळे मिटूनही सापडायचा, तिथे आता काहीच लागलं नाही.

"काय शोधतेस, आई?"

"काही नाही."

"मग शोधत राहा. मला बरं वाटतं."

मला भीती वाटली. स्वतःच्या मुलीच्या चेहऱ्याची भीती वाटणं ही गोष्ट बोलून दाखवायचीसुद्धा लाज वाटते, पण वाटली खरी. डाग गेले की चेहरा उजळतो असं मी आयुष्यभर बायकांना सांगत आले. डागांसकट माणूसच जातं की काय, असा विचार पहिल्यांदाच माझ्या मनात आला. आणि बाप तिला ओळखणार कशावरून?

बुधवारी झुनिल्दा आली. ती बाहेरच्या व्हरांड्यात डोलखुर्चीत बसली. मी तिला कॉफी दिली आणि हळूच म्हटलं, "येसेनियाचा तीळ गेला गं. हनुवटीवरचा व्रणही गेला."

"गेला? कुठे गेला?" झुनिल्दा फस्सकन हसली. "आत्ता फोटोवाल्याच्या दुकानाशी भेटली मला. तीळ जागच्या जागी, व्रण जागच्या जागी. पुटकुळ्या तेवढ्या बऱ्या झाल्यात. तुझंच काहीतरी गेलंय जागेवरून."

"आत्ता म्हणजे कधी?"

"आत्ता म्हणजे आत्ता! तिथून सरळ इथेच आले. दिग्ना, अकरा वर्षं एकाच पोरीकडे टक लावून बघितलंस ना, मोतीबिंदू पडला तुला."

मी बसल्या जागेवरून आत पाहिलं. दारातून स्वयंपाकघराचा एक तुकडा दिसत होता, खुर्चीची पाठ दिसत होती, आणि तिच्यावरून खाली सोडलेले लांब काळे केस. झुनिल्दाला उठून आत बघ म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी तिला आणखी साखर हवी का, असं विचारलं.

मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं सांगितलं, बाई, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मग मी दुसरंच आरंभलं. तीस वर्षं डाग घालवणारी मी आता डाग उठवायला बसले. लिंबाचा रस लावून तिला म्हटलं, जरा अंगणात उन्हात बस. ती म्हणाली, "बाहेर नको, आई. मी इथेच बरी आहे." कॉफीचा चोथा चोळला, राख चोळली, काही उमटलं नाही. ती मान मागे टाकून शांतपणे सगळं करून घ्यायची, आणि माझी बोटं थांबली की डोळे न उघडता म्हणायची, "थांबलीस का? घाई कसली आहे? मला कुठे जायचंय?"

आणि तरीही रोज कुणीतरी दारातून आशीर्वाद मागत आत यायचं, बॅग भरायचं, मैत्रिणींना निरोप द्यायला जायचं, आणि मी प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या कामात पाठमोरी असायची. मी मुद्दाम पाठमोरी होत होते का? काही गोष्टी तपासून बघायला माणूस धजत नाही. शिळा भात चांगला आहे की आंबलाय हे जसं आपण कधी कधी वास न घेताच ठरवून टाकतो, तसंच ते.

पण एक गोष्ट आता लपवून उपयोग नाही. मी अंधारात पान उचललं असं सांगितलं. ओट्यावर त्या दिवशी एकही पान नव्हतं. दारामागची कोरफड उंच टांगलेली आहे आणि माझी उंची बेताची. मला स्वयंपाकघरातलं स्टूल दारापर्यंत न्यावं लागलं, त्यावर चढावं लागलं, एका हातानं लाल फीत धरून दुसऱ्या हातानं सुरी चालवावी लागली. स्टुलावर चढून कुणी चूक करत नाही. आणि अकरा वर्षं मी त्या कोरफडीशी काय बडबडले तेही सांगते. एकच वाक्य. 'या दारातून आता आणखी कुणी जायला नको.' गोड भात वाटून आले त्या दिवशीसुद्धा तेच म्हणाले. पोरीनं जावं असं मला खरंच वाटत होतं. ती राहावी असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं, आणि पान मी कापलं.

विमानाच्या मंगळवारी पहाटेच मी उठले. पासपोर्टावरच्या फोटोत तीळ होता, व्रण होता. तिथले अधिकारी फोटो बघणार, बाप हनुवटी बघणार. मी बदाम जाळून त्याची काजळी धरली, खोबरेल तेलाच्या थेंबात खलली. भुवया काळ्या करायला आम्ही तीच वापरतो. ती खुर्चीत बसलेलीच होती. तीळ कुठल्या गालावर होता ते मला आठवेना. एकोणीस वर्षं ज्या गालाचे मुके घेतले तो डावा की उजवा हे मला आठवेना! फोटो समोर धरून मी तिच्या उजव्या गालावर काडीनं एक ठिपका काढला. ठिपका जरा मोठाच झाला.

"छान दिसतोय का?" तिनं विचारलं.

मी काडी धुवायला मोरीकडे गेले, तेवढ्यात पुढच्या दारातून आवाज आला. "आशीर्वाद, आई! चल ना गं, गाडी कधीची उभी आहे! झुनिल्दाला भेटून पण आले मी." मी ओले हात पुसत धावले. ती बॅग ओढत गाडीकडे निघालीसुद्धा होती. मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं नाही.

गाडीत ती खिडकीशी बसली. समुद्राकडून ऊन थेट तिच्या गालावर पडत होतं. तीळ नीट दिसत होता, लहान, कोरून बसवलेला. फार पसरला नाही बरं, असं मनाशी म्हणत मी अंगठा ओला केला आणि कडेची काजळी पुसायला गेले.

"आई! दुखतंय ना!" ती ओरडली. "तीळ उपटून ठेवून घेतेस का माझा?"

अंगठ्याला काही लागलं नव्हतं. मी तिची हनुवटी धरली. व्रण होता. कपाळावरचा खड्डा होता. मी गाडीतच रडायला लागले आणि तीही रडायला लागली, आणि ड्रायव्हर म्हणाला, बोस्टनला थंडीनं अश्रू गोठतात, इथेच काय ते उरकून घ्या. विमानतळावर काचेच्या दाराशी तिनं वाकून आशीर्वाद मागितला. देव तुझं भलं करो, मी म्हणाले, आणि ते इतकं मनापासून म्हणाले की घरी येताना मला हलकं वाटत होतं. सगळा माझ्या मनाचा खेळ. पोर जाणार म्हणून आईला भ्रम होतात, त्यात काय नवल? उद्याच ती कोरफड नदीत सोडायची असं मी ठरवलं.

विमान उडाल्यावरही मी तिथे बराच वेळ बसले होते, त्यामुळे दुपार टळली तेव्हा घरी पोचले. चपला काढल्या, हातानंच तोंडाचा घाम पुसला आणि पाणी प्यायला आत गेले.

ती खुर्चीत बसलेली होती. मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले. उजव्या गालावर माझ्या हातचा काजळीचा ठिपका वाळून थोडा पसरला होता.

ऊन ओट्यावरून खाली उतरलं एवढं आठवतं. मग बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

"दिग्ना, पोरगी पोचली!" अनिबालचा आवाज भरून आला होता. "गर्दीत लांबून ओळखली मी. हनुवटी बघायचीही गरज पडली नाही, पण बघितली. व्रण तसाच आहे. अगं, थंडीनं तिचे दात वाजतायत. थांब, तिला देतो."

"आशीर्वाद, आई," येसेनिया म्हणाली. मागे गाड्यांचे आवाज होते, लोकांचे आवाज होते.

"देव तुझं भलं करो, पोरी," मी म्हणाले. "कोट नीट घाल. जेवलीस का?"

"जेवले. तू जेवलीस का? एकटीसाठी करायचा कंटाळा करू नकोस हं."

"नाही करणार," मी म्हणाले.

फोन ठेवला. आतून मऊ आवाज आला, "कुणाचा गं, आई?"

"कुणाचा नाही."

"मग ये ना. आज लावणार ना?"

पुढचं दार उघडंच राहिलं होतं. ते लोटताना मागची कोरफड हलली. ती वाळून कागदासारखी झाली होती, लाल फितीत नुसती पापुद्र्यांची जुडी. रीतीप्रमाणे ती आता नदीत सोडायला हवी होती. मी दाराला आतून कडी घातली आणि ओट भिजत घातले.